शिक्षकाविना शाळा आणि यंत्रांची परिषद

शिक्षण आणि तंत्रज्ञान या विषयावरील विद्वत्परिषदांचा आणखी एक हंगाम आता येऊ घातला आहे. पुण्याच्या पश्चिमेस हिंजवडीपासून पुढे पसरलेल्या महाविद्यालयांच्या पट्ट्यात अशा परिषदा दरवर्षी भरतात. निमंत्रणपत्रिकांवरील विषयही आता पाठ झालेले आहेत. आभासी वर्ग, कृत्रिम बुद्धिमत्ता, प्रत्येक विद्यार्थ्याच्या गतीने चालणारे अध्ययन, एकविसाव्या शतकाची कौशल्ये हे विषय आलटून पालटून येतात. निबंध वाचले जातात, प्रमाणपत्रे वाटली जातात, यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांचे प्रतिनिधी प्रायोजक या नात्याने पहिल्या रांगेत बसतात. या सर्व सोहळ्यात एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. ज्या शाळेत शिक्षकच नाही, त्या शाळेत हे तंत्रज्ञान नेमके कोणाच्या हाती द्यायचे?

हा प्रश्न विचारण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. हिंजवडीहून मुळशी तालुक्यातीलच कासारसाईपर्यंत गेले तरी पुरे. या गावाच्या एका अंगाला राजीव गांधींच्या नावाचे माहिती तंत्रज्ञान संकुल आहे, तर कासारसाई-दारुंब्रे येथे संत तुकारामांच्या नावाचा सहकारी साखर कारखाना आहे. एकीकडे जगभरच्या कंपन्यांसाठी आज्ञावली लिहिणारे तरुण वातानुकूलित इमारतींत बसतात. दुसरीकडे, राज्यातील प्रत्येक साखर पट्ट्याप्रमाणे, गाळपाचा हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून व अहिल्यानगरच्या कोरडवाहू भागातून ऊसतोडणी मजुरांच्या टोळ्या उतरतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोचा एक कोयता पहाटेच फडात जातो आणि त्यांची मुले कोपीत धाकट्या भावंडांना सांभाळीत बसतात. हिंजवडीतील इमारतींच्या पायाशी पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या बांधकाम मजुरांच्या मुलांची स्थितीही वेगळी नाही. शिक्षणातील तंत्रज्ञानाची कसोटी घ्यायची असेल, तर ती या मुलांवर घ्यावी लागेल. परिषदांच्या सभागृहात मात्र या मुलांचा उल्लेख झालाच, तर तो एखाद्या आलेखातील टक्केवारी म्हणून होतो.

वस्तुतः या मुलांची नोंद ठेवण्यात शासनाने यंत्राचा उपयोग करून घेतलेला नाही, असे नाही. २०१५ पासून 'सरल' प्रणालीत प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती भरली जाते. स्थलांतर करणाऱ्या मुलांच्या हाती 'शिक्षण हमी पत्रक' देण्याची व्यवस्थाही कागदावर आहे. म्हणजे मूल कोणत्या गावातून उठले, हे यंत्राला कळू शकते. ते ज्या गावी पोहोचले तेथे त्याला शिकविणारा माणूस मात्र यंत्राला निर्माण करता येत नाही. एके काळी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालत. शिक्षण हक्क कायदा आल्यावर मुलाला नियमित शाळेतच घालावे, असे तत्त्वतः योग्य धोरण ठरले. पण फडापासून त्या शाळेपर्यंत मुलाला आणणार कोण, गावाकडेच ठेवायचे तर हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू करणार कोण, आणि वर्षाच्या मध्यावर आलेल्या मुलाला मागचे भरून काढून देणार कोण, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर 'माणूस' असेच आहे. नोंदी भरण्याचे काम वाढत गेले ते मात्र असलेल्या शिक्षकाच्याच अध्यापनाच्या वेळातून.

मुळशी तालुक्याला विकास आणि यंत्र यांचा हिशेब नवा नाही. टाटांच्या धरणासाठी या खोऱ्यातील गावे पाण्याखाली जाणार, हे स्पष्ट झाले तेव्हा १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली येथील मावळ्यांनी सत्याग्रह केला. त्यांनाही तेव्हा प्रगतीचे शत्रू ठरविण्यात आले होते. त्यांचा प्रश्न साधा होता: वीज मुंबईला जाणार, नफा कंपनीला जाणार, मग जमीन मात्र मावळ्याचीच का? विजेला त्यांचा विरोध नव्हता. विजेची किंमत कोणी मोजायची आणि तिचा लाभ कोणी घ्यायचा, हे ठरविण्याचा अधिकार त्यांना हवा होता. शंभर वर्षांनंतर शिक्षणातील यंत्रांविषयी हाच प्रश्न तितक्याच निकडीने उभा आहे, आणि तो विचारणाऱ्यावर होणारा आरोपही तोच आहे.

यंत्राच्या जोरावर शिक्षणाचा कायापालट होईल, ही घोषणा काही आज प्रथम ऐकू येत नाही. १९७५-७६ मध्ये अमेरिकेकडून वर्षभरासाठी मिळालेल्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचविण्याचा प्रयोग झाला. प्रयोग मोलाचा होता, पण वर्ष संपले आणि उपग्रह परत गेला. १९८४ मध्ये निवडक शाळांत संगणक साक्षरतेची योजना आली आणि तिच्यासाठी ब्रिटिश बनावटीचे संगणक आणले गेले. २००४ मध्ये खास शिक्षणासाठी 'एज्युसॅट' हा उपग्रह सोडण्यात आला. २०११ मध्ये 'आकाश' नावाच्या स्वस्त टॅब्लेटचा गाजावाजा झाला. प्रत्येक वेळी उद्घाटन थाटात झाले, परंतु समारोपाला कोणीच उपस्थित नव्हते. कोणती योजना का थांबली, यंत्रे कोठे गेली, मुलांच्या शिकण्यात काय फरक पडला, याचा जाहीर हिशेब मांडल्याशिवायच पुढच्या योजनेची निविदा निघत गेली.

सह्याद्री उतरून रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात गेले, तर या इतिहासातील एक प्रकरण डोळ्यांसमोर येते. प्रत्येक मुलाला एक स्वस्त लॅपटॉप दिला की मूल आपले आपण शिकेल, असा सिद्धांत अमेरिकेतील निकोलस निग्रोपाँटी यांनी मांडला. २००६ मध्ये केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याने ही योजना स्वीकारण्यास नकार दिला. वर्गखोल्या आणि शिक्षक यांची गरज अधिक तातडीची आहे, अशी त्या वेळची भूमिका होती, आणि ती योग्य होती. तरीही २००७ मध्ये भारतातील पहिला प्रयोग कर्जत तालुक्यातील खैराट येथील एका छोट्या एकशिक्षकी शाळेत करण्यात आला. हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपसह मुलांची छायाचित्रे जगभर गेली. त्या शाळेला दुसरा शिक्षक हवा, ही गोष्ट छायाचित्रात दिसण्यासारखी नव्हती. याच योजनेखाली पेरू देशाने लाखो लॅपटॉप विकत घेतले. तेथील ग्रामीण शाळांचा अभ्यास करून आंतर-अमेरिकी विकास बँकेने २०१२ मध्ये जो निष्कर्ष काढला तो असा, की गणित आणि भाषा या विषयांतील मुलांच्या प्रगतीत कोणतीही मोजता येण्याजोगी सुधारणा झालेली नाही. हा निष्कर्ष काढणारी संस्था समाजवाद्यांची नव्हती, बँकेची होती, हे येथे मुद्दाम लक्षात घ्यावे.

महाराष्ट्रात तर याहून मोठा विरोधाभास घडला. १९८४ मध्ये पुण्यात 'बालचित्रवाणी' ही राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली. इन्सॅट उपग्रहाच्या काळात देशात ज्या सहा संस्था उभ्या राहिल्या त्यांपैकी ही एक. मराठी मुलांसाठी, मराठी भाषेत, मराठी मातीतील विषय घेऊन या संस्थेने शैक्षणिक चित्रपट तयार केले आणि ते दूरदर्शनवरून राज्यभर दाखविले गेले. आज ज्याला परिषदांमध्ये 'प्रादेशिक भाषेतील डिजिटल आशय' असे भारदस्त नाव दिले जाते, ते काम ही सार्वजनिक संस्था तीस वर्षांपूर्वीच करीत होती. पण केंद्राने हात आखडता घेतला, राज्याने जबाबदारी घेतली नाही, कर्मचाऱ्यांचे पगार रखडले आणि २०१७ मध्ये शासनाने ही संस्था बंद केली. शैक्षणिक तंत्रज्ञानाचा जयघोष करणाऱ्या शासनाने स्वतःच्या मालकीची शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था बंद करावी, याला अनवधान म्हणता येत नाही. लोकांच्या मालकीची यंत्रणा मोडल्याशिवाय खासगी विक्रेत्याला बाजार मिळत नाही, हा भांडवली अर्थव्यवस्थेचा जुनाच नियम येथेही लागू पडला.

त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत परीक्षेचा प्रसंग आला. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे शाळांना कुलपे लागली आणि 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' अशी घोषणा झाली. घरोघरी मराठीतून पाठ पोहोचविण्याची खरी गरज तेव्हा होती, आणि ते काम करण्यासाठी उभारलेली सरकारी संस्था तेव्हा अस्तित्वात नव्हती. जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली, ती एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने केलेली होती. मालिका करणाऱ्यांचे श्रम मोलाचेच होते. प्रश्न आहे तो शासनाने स्वतःचे हात कापून घेतल्याचा. मोबाइलवरील वर्गांची गोष्ट तर याहून विदारक. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ मधील पंचाहत्तराव्या फेरीनुसार देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता, आणि इंटरनेटची सोय १४.९ टक्के कुटुंबांना होती. हे आकडे हाताशी असतानाही ऑनलाइन वर्ग हेच शिक्षण, असे गृहीत धरण्यात आले. घरात एकच फोन, तोही बापाच्या खिशात, आणि बाप कामावर. अशा घरातील मुलगी, आणि मुलापेक्षा मुलगीच अधिक, त्या दोन वर्षांत शाळेतून कायमची निसटली. तिच्यासाठी शिक्षण सुरू नव्हते. घोषणा मात्र सुरू होती.

शाळांत संगणक पोहोचले तेथे काय झाले? केंद्राच्या योजनेखाली राज्यातील हजारो माध्यमिक शाळांत टप्प्याटप्प्याने संगणक कक्ष उभे राहिले. 'बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा' या रस्ते-पुलांसाठीच्या पद्धतीने ते काम खासगी कंपन्यांकडे देण्यात आले. या कक्षांत शिकविणारे संगणक शिक्षक कंत्राटी नेमले गेले. कराराची मुदत संपली तेव्हा यंत्रे शाळेकडे आली, शिक्षक घरी गेला. हे शिक्षक आझाद मैदानावर उपोषणाला बसले. इकडे शाळांतील संगणकांवर धूळ बसू लागली, कारण यंत्र हस्तांतरित करता येते, ज्ञान तसे हस्तांतरित करता येत नाही, त्यासाठी पगारी माणूस लागतो. शासनाच्याच 'यूडायस' अहवालानुसार २०२३-२४ मध्ये देशातील ५७.२ टक्के शाळांतच चालू स्थितीतील संगणक होते. २०२४-२५ मध्ये देशात एक लाखाहून अधिक शाळा एकाच शिक्षकावर चालत होत्या आणि त्यांत तेहतीस लाखांहून अधिक मुले शिकत होती. एकाच वेळी चार-पाच इयत्ता सांभाळणाऱ्या या शिक्षकाला 'प्रत्येक विद्यार्थ्याच्या गतीने चालणारे अध्ययन' या विषयावरील निबंध वाचून दाखविणे ही क्रूर थट्टा आहे.

यंत्राचा हा गौरव आणि शाळा आवरण्याचे धोरण यांची वाटचाल बरोबरीने चालू आहे, हा केवळ योगायोग नाही. २०१७ च्या अखेरीस राज्य शासनाने दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुलांना शेजारच्या शाळांत पाठविण्याचे जाहीर केले. सप्टेंबर २०२३ मध्ये शाळा दत्तक देण्याची योजना निघाली. त्याच महिन्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे 'समूह शाळां'त एकत्रीकरण करण्याचे प्रस्ताव मागविण्यात आले आणि पुणे जिल्ह्यातील पानशेतचे उदाहरण आदर्श म्हणून पुढे ठेवण्यात आले. त्याच महिन्यात बाह्य यंत्रणांमार्फत कंत्राटी नोकरभरतीचा निर्णयही आला, ज्यात शिक्षकांचाही समावेश होता. लोकांच्या संतापामुळे कंत्राटी भरतीचा तो निर्णय ऑक्टोबरमध्ये मागे घ्यावा लागला. समूह शाळांविषयी, शाळा बंद करण्याचा हेतू नाही, असा खुलासा करण्यात आला. परंतु पट कमी म्हणून शिक्षक कमी, शिक्षक कमी म्हणून गुणवत्ता कमी, गुणवत्ता कमी म्हणून पट आणखी कमी, आणि शेवटी शाळाच अनावश्यक, हे दुष्टचक्र कोणत्याही खुलाशाने थांबत नाही. मोठ्या शाळेत संगणक कक्ष असेल, प्रयोगशाळा असेल, असे आमिष दाखविले जाते. मुळशी-वेल्ह्याच्या डोंगरात धनगरवाड्यावरून किंवा कातकरी वस्तीवरून निघालेल्या सात वर्षांच्या मुलीला आषाढ-श्रावणाच्या पावसात ओढे ओलांडून त्या कक्षापर्यंत जावे लागणार आहे, हे मात्र सांगितले जात नाही. प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, हा नियम शिक्षण हक्क कायद्याखाली झाला तो याच मुलीसाठी. साठ मुलांपर्यंतच्या शाळेला निदान दोन शिक्षक असावेत, ही तरतूदही तिच्यासाठीच झाली.

येथे एक आक्षेप हटकून घेतला जाईल: ही सगळी टीका म्हणजे यंत्राची भीती आहे. हा आक्षेप टिकत नाही. अंध विद्यार्थ्याला पुस्तक वाचून दाखविणारे यंत्र मुक्तीचे साधन आहे, याविषयी कोणाही पुरोगामी माणसाचे दुमत होणार नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. त्यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. या उदाहरणाचा डंका परिषदांमध्ये नेहमी पिटला जातो, पण त्याचा अर्थ उलटा लावला जातो. पुरस्कार क्यूआर कोडला मिळालेला नाही, तो शिक्षकाला मिळालेला आहे; आणि तो शिक्षक एका सरकारी शाळेत, कायम नोकरीत, सार्वजनिक पाठ्यपुस्तक हाताशी घेऊन काम करीत होता. म्हणजे जी व्यवस्था आज मोडीत काढली जात आहे, त्या व्यवस्थेतूनच हे नवे साधन उगवले. तंत्रज्ञान शिक्षकाच्या हाती पडले तर त्याचे अवजार होते, शिक्षकाच्या जागी बसविले तर तो शाळेचा मुकादम होतो.

बाजाराच्या हाती शिक्षण सोपविल्यास काय होते, याचे उदाहरणही देशाने नुकतेच पाहिले आहे. २०११ मध्ये स्थापन झालेल्या 'बायजूज' या कंपनीचे मूल्य २०२२ पर्यंत बावीस अब्ज डॉलरवर चढविण्यात आले होते, आणि जुलै २०२४ मध्ये तीच कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली. सरकारी शाळा अशी एका रात्रीत दिवाळे काढीत नाही, कारण ती नफ्यासाठी उघडलेलीच नसते. आर्थिक किमतीखेरीज आणखीही एक किंमत मुले मोजतात. 'ह्यूमन राइट्स वॉच' या संघटनेने २०२२ मध्ये ४९ देशांतील १६४ शैक्षणिक साधनांची तपासणी केली. त्यांपैकी सुमारे नऊ-दशांश साधने मुलांवर पाळत ठेवीत होती किंवा पाळत ठेवू शकत होती, असे तिला आढळले. युनेस्कोने २०२३ च्या आपल्या जागतिक अहवालाच्या शीर्षकातच प्रश्न विचारला की, शिक्षणातील हे साधन कोणाच्या अटींवर चालायचे? या साधनांच्या उपयुक्ततेविषयी निःपक्षपाती पुरावा फार थोडा आहे, हेही त्या अहवालाने स्पष्ट केले. असे असताना २०२६-२७ पासून तिसरीच्या वर्गापासूनच कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम आणण्याचा मनोदय केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केला. तिसरीच्या मुलाला अक्षरे आणि अंक शिकविण्यासाठी पुरेसे शिक्षक केव्हा मिळतील, याची तारीख मात्र जाहीर झालेली नाही.

१८८२ मध्ये महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले त्याचा आशय या परिषदांच्या आयोजकांनी एकदा नजरेखालून घालावा. सरकारी महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, ही विसंगती जोतीरावांनी राज्यकर्त्यांच्या तोंडावर मांडली आणि प्राथमिक शिक्षणाला अग्रक्रम मागितला. पुढे १९१७ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, तेव्हा त्यांनी प्रथम गावोगाव शाळा आणि मास्तर यांची तजवीज पाहिली. त्या काळी एका छोट्या संस्थानाला जे जमले ते आज देशातील सर्वांत श्रीमंत राज्यांपैकी एक असलेल्या महाराष्ट्राला परवडत नाही, हे कोणी खरे मानावे? राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च शिक्षणावर व्हावा, ही शिफारस कोठारी आयोगाने १९६६ मध्ये केली. तिची पूर्तता आजतागायत झालेली नाही. पैसा नाही ही सबब खोटी आहे. पैसा आहे. तो यंत्राच्या खरेदीकडे वळतो, कारण खरेदीत दलाली असते आणि मास्तरच्या पगारात ती नसते.

तेव्हा येत्या हंगामात हिंजवडीच्या पट्ट्यात जमणाऱ्या विद्वानांकडून जनतेने काही मागायचे असेल, तर ते हे आहे. आजवरच्या प्रत्येक तंत्रज्ञान योजनेचा जाहीर लेखाजोखा शासनाने मांडावा, असा ठराव परिषदेने करावा. रिकाम्या शिक्षकपदांवर कायम नेमणुका होईपर्यंत शिक्षकाला पर्याय म्हणून कोणतेही यंत्र शाळेत येऊ नये, असे निःसंदिग्धपणे म्हणावे. बालचित्रवाणीसारखी, लोकांच्या मालकीची आणि मराठीतून काम करणारी संस्था पुन्हा उभी करावी, अशी मागणी करावी. मुलांची माहिती कोणत्याही कंपनीच्या हाती जाणार नाही, असा कायदा मागावा. स्थलांतरित मुलांच्या नोंदी ठेवणाऱ्या यंत्रणेवर, ते मूल जेथे पोहोचेल तेथे शिक्षक देण्याचे बंधन घालावे. आणि परिषदेच्या व्यासपीठावर यंत्र विकणाऱ्याच्या आधी एकशिक्षकी शाळेतील शिक्षकाला बोलू द्यावे.

हे ठराव करण्याचे धैर्य विद्वानांपाशी नसेल, तर शिक्षक संघटना, ऊसतोडणी मजुरांच्या संघटना आणि गावोगावच्या शाळा व्यवस्थापन समित्या यांनी एकत्र येऊन ते शासनाच्या दारात न्यावेत. मुळशीच्या मावळ्यांना शंभर वर्षांपूर्वी धरण थांबविता आले नाही. त्यांची गावे पाण्याखाली गेली, ती पुन्हा वर आली नाहीत. गावची शाळा मात्र अजून पाण्याखाली गेलेली नाही. तिच्यासाठी लढण्याची वेळ ती बुडाल्यानंतर येत नसते.